पांदणीची वाट आणि शाळेची सायकल



आज मी तुमच्याशी सायकलीच्या वाटेविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, की कापूस-तुरीचे भाव, पाऊस, विहिरीचे पाणी हे सगळे सोडून या मास्तरला सायकल कुठून आठवली? पण थोडे थांबा. ही गोष्ट सायकलीची जितकी आहे तितकीच ती वावराची आहे आणि आपल्या मुलींच्या शिक्षणाचीही आहे. बोलणे संपेपर्यंत ते तुमच्या ध्यानात येईल अशी मला आशा आहे.

माझे गाव मूर्तिजापूर तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी शेजारच्या मोठ्या गावी जावे लागे. मी आणि माझे चार सोबती वडिलांच्या जुन्या सायकली घेऊन निघत असू. नळीखालून पाय घालून चालवायची ती सायकल ज्यांनी चालवली आहे, त्यांना तिची मौज वेगळी सांगायला नको. आमची वाट पांदणीची होती. दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी, मधूनच एखादे कडुनिंबाचे झाड. सकाळी बंड्या वावराकडे जात आणि संध्याकाळी परत येत. दुरून शकुंतला गाडीची शिटी ऐकू येई. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, म्हणजे शिटीबरोबर धूरही दिसे. शाळेत पोचायला पाऊण तास लागे, तो सायकलीमुळे नव्हे, बोरांमुळे. त्या वाटेवर आम्हाला मोटारीची भीती कधीच वाटली नाही, कारण मोटार तिथे येतच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेलो होतो. सहज मनात आले, की त्याच वाटेने एकदा सायकल काढावी. पुतण्याची सायकल घेतली आणि निघालो. अर्ध्या कोसापर्यंत ठीक गेले. पुढे पांदण अरुंद होत गेली, काटेरी झुडपे अंगावर येऊ लागली, आणि एका ठिकाणी ती एकदम संपलीच. समोर पऱ्हाटी उभी. बाजूच्या वावरात एक वयस्कर कास्तकार तूर पाहत होते. मी विचारले, "काकाजी, ही पांदण पुढे जात होती ना?"

ते म्हणाले, "जात व्हती. आता पऱ्हाटीतून जा लागते."

"मग पांदण कुठे गेली?"

"पांदण कुठी जाईन बापा! थे जागीच हाय. तिच्यावर पऱ्हाटी हाय." आणि थोडा वेळ थांबून हसत म्हणाले, "त्यातले दोन तासं माह्येबी हायेत."

त्या काकाजींचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. पांदण कोणी एका रात्रीत गिळली नव्हती. या बाजूच्याने एका साली धुऱ्याबाहेर एक तास जास्त काढले, त्या बाजूच्याने दुसऱ्या साली काढले. वीस-पंचवीस वर्षांत बंडीची वाट पायवाट झाली आणि पायवाट सरीत मिळाली. आता त्या शिवारात ट्रॅक्टर नेण्यासाठीही दुसऱ्याच्या वावरातून परवानगी मागून जावे लागते. ज्यांनी वाट खाल्ली, त्यांनाच आता वाट नाही.

आणि शाळेची मुले? ती सडकेने जातात. पांदणीने जे अंतर चार किलोमीटर होते, ते सडकेने सातच्या आसपास भरते, आणि त्यातला काही भाग मोठ्या रस्त्यावरून काढावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंची मुलगी यंदा सातवीत आहे. त्या म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय सर. पण सडकेनं सायकल पाठवाची म्हटलं तं दिवसभर जीव टांगणीले राह्यते." पुढच्या वर्षी तिचे काय होईल ते त्यांनी सांगितले नाही आणि मलाही विचारवले नाही.

आता मोठ्या रस्त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ते हवेतच. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग किती वर्षे खड्ड्यांत होता हे आपण सगळ्यांनी सोसले आहे. २०२२ च्या जून महिन्यात याच मार्गावर, अमरावती जिल्ह्यातील लोणीपासून आपल्या जिल्ह्यातील मान्यापर्यंत, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. माणसाने मनावर घेतले तर पाच दिवसांच्या आत केवढे काम होते ते त्यावरून दिसते. पण रस्ता गुळगुळीत झाला की वाहनांचा वेग वाढतो, हेही तितकेच खरे आहे. थोडे गणित करा. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे येते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल तेवढ्याच वेळात सुमारे ४ मीटर सरकते. मुलीने मागे वळून पाहिले, तेव्हा शंभर मीटर दूर असलेली मोटार पाच-सहा सेकंदांत तिच्याजवळ येते. मोठ्या माणसालाही हा अंदाज नीट येत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडून आपण तो कसा अपेक्षावा? शेतातली बंडी, शाळेची सायकल आणि मालाची ट्रक ही तिन्ही एकाच पट्ट्यावर चालवणे ही मुळातच चुकीची सोय आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून आज प्रसिद्ध आहे, पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी झपाट्याने वाढल्या. १९७१ साली त्या छोट्याशा देशात ३,००० हून अधिक माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांचे हे मरण थांबवा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यानंतर सायकलींच्या वाटा मोटारींपासून वेगळ्या करण्याचे काम नेटाने सुरू झाले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधला एक रेल्वेमार्ग बंद पडला होता. १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांनी त्या जागेवर सुमारे २१ किलोमीटरची, चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट तयार केली. स्पेनमध्येही १९९३ पासून बंद रेल्वेमार्गांच्या अशा हिरव्या वाटा झाल्या आहेत.

हे ऐकून तुमच्या मनात शकुंतला आली असेल. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली अरुंद मापाची गाडी काही वर्षांपूर्वी थांबली, आणि तिचे रूळ गवतात झाकले गेले आहेत. तिच्या जागेवर सायकलवाट करावी असे सुचवण्याचा मोह मलाही झाला होता. पण शकुंतला पुन्हा सुरू व्हावी, रुंद मापाची व्हावी, अशी लोकांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. गरीब माणसाची गाडी परत येण्याची आशा असताना तिच्या जागेवर दुसरा संसार मांडू नये. शिवाय आपल्याला त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे दुसरी जागा आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण इंग्लंडचे नसून जर्मनीचे आहे. तिथे खेड्यांच्या शिवारात शेतरस्त्यांचे जाळे आहे. त्यांतील अनेक रस्त्यांच्या तोंडाशी एक पाटी असते. मोटारींना मनाई, शेतीची वाहने आणि सायकली यांना मोकळीक. सायकलवाल्यांचे कितीतरी लांब पल्ल्याचे मार्ग अशा शेतरस्त्यांवरून जातात. सकाळी त्याच वाटेने ट्रॅक्टर जातो आणि त्याच वाटेने शाळेचे पोरही जाते. निराळी जमीन घेतली नाही, निराळा खर्च केला नाही. जो रस्ता शेतासाठी लागणारच होता, त्यावरून दुसरे एक काम करून घेतले.

आता आपल्या पांदणीकडे या. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात आणि सरकारी कागदांतही 'शेत/पाणंद रस्ते' असाच शब्द येतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की सायकलीसाठी रहदारीपासून मुक्त अशी वाट आपल्या प्रत्येक गावाला पूर्वजांनी देऊन ठेवली आहे. ती विकत घ्यायची नाही, फक्त शोधायची आहे, मोकळी करायची आहे आणि राखायची आहे.

प्रथम शोधण्याचे पाहू. प्रत्येक गावाचा एक गावनकाशा असतो. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, तलाठ्याकडे पाहता येतो, आणि आता सरकारच्या संकेतस्थळावरही गट क्रमांकांचा नकाशा दिसतो. त्यावर घरे, नाले, शिव आणि गटांच्या रेषा असतात. जिथे दोन तुटक रेषा समांतर जाताना दिसतील तो गाडीमार्ग. जिथे एकच तुटक रेषा असेल तो पायमार्ग. शेतरस्त्यांविषयीच्या सरकारी निर्णयांत गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट अशी दिली आहे. हे आकडे असे विचित्र का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर जुन्या मोजणीत आहे. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी, आठ आणे. सव्वाआठ फूट म्हणजे पाव साखळी, चार आणे. गुंठाही याच साखळीचा, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. गणिताच्या तासाला हे उदाहरण घालायला काय हरकत आहे?

याचा अर्थ ध्यानात घ्या. नकाशावरचा पायमार्गसुद्धा सव्वाआठ फुटांचा आहे. सायकलीला चालायला तीन-साडेतीन फूट पक्की जमीन पुरते. समोरून दुसरी सायकल आली तरी सव्वाआठ फुटांत दोघी सुखाने जातात. जागा कमी नाही. ती झाकली गेली आहे.

दुसरे काम मोकळी करण्याचे, आणि हेच खरे अवघड आहे. कारण इथे काटे बाभळीचे थोडे आणि मनातले जास्त असतात. कायद्याची वाट आहे. ज्या कास्तकाराला वावरात जायला रस्ताच नाही, त्याला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्यांच्या गटांच्या धुऱ्यांवरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे मागणी करता येते. चालू असलेली वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. पुष्कळांचे हक्क या सहा महिन्यांच्या मुदतीपायी बुडतात, म्हणून ही मुदत लक्षात ठेवा. २०२१ साली राज्य सरकारने शेतरस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, तीत रोजगार हमीच्या कामाची जोड दिली होती. २०२५ च्या मे महिन्यात शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' या सदरात व्हावी, असे सरकारने ठरवले. ही नोंद महत्त्वाची आहे. ज्या वाटेला कागद आहे, ती वाट पुढच्या पिढीतही वाट राहते.

परंतु मी कायद्यापेक्षा बैठकीवर भर देईन. पांदणीच्या दोन्ही बाजूंचे कास्तकार एकत्र बसवा. नकाशा मधोमध ठेवा. कोणी किती तासे घेतली याचा हिशेब मागत बसू नका. त्यातून फक्त भांडण निघते. सगळ्यांनी एकाच दिवशी, दोन्ही बाजूंनी सारखे मागे सरावे, असे ठरवा. पिकाची वेळ पाहा. उभ्या पऱ्हाटीवर वखर फिरवायला कोणीही तयार होणार नाही, आणि होऊही नये. उलंगवाडी झाली, तूर निघाली, हरभरा घरी आला, की मोजणी करून खुणा रोवा. माझ्या गावातल्या त्या काकाजींना मी हे विचारले. ते म्हणाले, "मी सोडतो माह्ये दोन तासं. पण एकट्यानं सोडून काय हुईन? समोरच्यानंबी सोडलं पायजे." यात सगळे आले. एकट्याने सोडलेली जागा दुसरा खातो. सगळ्यांनी सोडलेली जागा रस्ता होते.

तिसरे काम राखण्याचे. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव आपण जाणतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची आहे; म्हणून तर ती कापसाला इतके दिवस ओल पुरवते. वावरात जो गुण, तोच रस्त्यावर दोष. पाऊस पडला की सायकलीच्या चाकात आणि मडगार्डात माती अशी भरते, की सायकल माणसाला नेत नाही, माणसाला सायकल न्यावी लागते. त्यात पांदण बहुधा आजूबाजूच्या वावरापेक्षा खोल असते. वर्षानुवर्षे बंडीच्या चाकांनी आणि वाहत्या पाण्याने ती खचलेली असते, आणि पावसाळ्यात तिचा नाला होतो.

यावर उपाय डांबर नाही. पहिला उपाय पाण्याला दुसरी वाट देणे. दोन्ही बाजूंना नाल्या काढा आणि त्यांतून निघालेली माती मधे टाकून पांदणीचा मध्य उंच करा, म्हणजे पाणी वर न थांबता बाजूला उतरेल. नाला आडवा येतो तिथे नळ्या टाका. मग माती ओलवून दाबा आणि तिच्यावर मुरूम पसरून पुन्हा पाणी मारून दाबा. ओल्या चिखलावर टाकलेला मुरूम पहिल्याच पावसात खाली जातो, हे ध्यानात ठेवा. हे काम संक्रांत ते अक्षय्य तृतीया या कोरड्या दिवसांत करावे. पुढच्या पावसाळ्यात जिथे जिथे पाणी साचेल तिथे खूण करून ठेवावी आणि दिवाळीनंतर तेवढीच दुरुस्ती करावी. मुरमाची वाट दरवर्षी थोडी सेवा मागते. ती मिळाली तर पुष्कळ वर्षे टिकते.

डांबर नको म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. पांदण फार गुळगुळीत झाली, की जवळची वाट म्हणून मोटारसायकली आणि मालाच्या गाड्या तिकडे वळतील, आणि ज्या कारणासाठी आपण ती उघडली तेच कारण बुडेल. मुरमाच्या रस्त्यावर बंडी चालते, ट्रॅक्टर सावकाश चालतो, सायकल चांगली चालते, आणि वेगाच्या गाडीला ती नकोशी वाटते. ग्रामसभेने ठराव करून तोंडाशी एक पाटी लावावी, की ही वाट शेतीच्या वाहनांची, सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची आहे. पाटीने सगळे थांबत नाहीत हे मला माहीत आहे. पण गावाने काय ठरवले आहे ते तरी येणाऱ्याला कळते.

आता सायकलीचा गुण किती, हे एका अभ्यासावरून सांगतो. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. २०१७ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा गुण कुठे जास्त दिसला? जिथे शाळा गावापासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तिथे. म्हणजे मुलींना शिक्षणाची नावड नव्हती. वाट लांब होती. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यातही १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरतेच्या चळवळीत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या, आणि बाजार, पाणी, शाळा ही सगळी कामे त्यांच्या हातात आली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत देण्यात आली आहे. परंतु सायकल दिली आणि वाट दिली नाही, तर ती सायकल अंगणात धूळ खात राहते. सायकल सरकार देऊ शकते. शिवारातली वाट मात्र शेजाऱ्यांनीच द्यावी लागते.

गुरुजनहो, यात तुमचे काम मोठे आहे. सातवीच्या वर्गाला भूगोलात नकाशा शिकवता ना? तो तुमच्याच गावाचा घ्या. थंडीच्या दिवसांत एखाद्या शनिवारी सकाळी मुलांना घेऊन त्या दोन तुटक रेषांवरून चाला. एका दोरीला फुटांच्या गाठी मारून रुंदी मोजा. कुठे सोळा फूट आहे, कुठे चार, कुठे शून्य, कुठे पाणी साचते, कुठे झाड पडले आहे, हे सगळे मुलांनी वहीत लिहावे. कोणाचे नाव लिहू नका. फक्त जागा लिहा. ती वही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांच्या हातून वाचून दाखवा. तहसीलदाराच्या नोटिशीने जे होत नाही, ते पुष्कळदा आपल्याच नातीने वाचलेल्या आकड्याने होते.

मुलांसाठी चार सूचनाही सांगून ठेवतो. पांदणीवर पहिला मान बंडीचा आणि ट्रॅक्टरचा. ती आली की सायकल बाजूला घ्यावी. एकट्याने जाऊ नये, तिघाचौघांनी मिळून जावे. सराटे आणि बाभळीचे काटे यांच्यापासून ट्यूब वाचत नाही, म्हणून सोबतीत एकाजवळ तरी हवेचा पंप, पॅच आणि सोल्युशन असावे, आणि पंक्चर काढणे शाळेतच शिकवावे. कुंपण छाटले की काट्या वाटेवर टाकू नयेत, ही सूचना मात्र मोठ्यांना आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी असेल तर पांदणीने मुळीच जाऊ नये. ही आठ महिन्यांची वाट आहे असे समजावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी लवकर जावे आणि पाण्याची बाटली ठेवावी. आणखी एक. रोही आणि रानडुकरे यांच्या भीतीने काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसे मरतात. मुलांनी कोणत्याही कुंपणाच्या तारेला हात लावू नये. आणि ज्या वाटेवर आपली मुले जाणार, तिच्या काठी अशी तार कोणी लावणार नाही, हे गावाने पाहावे.

आपल्याच मातीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेऊन वाट झाडीत, आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने आपण पुष्कळ काही करतो. एखाद्या गावाने त्यांच्या नावाने एक पांदण झाडून दिली, तर ते त्यांच्या रीतीला धरून होईल.

मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गावी जाणार आहे. काकाजींनी आणि त्यांच्या समोरच्या धुऱ्याच्या भावांनी एकदा बसायचे कबूल केले आहे. गावनकाशाची नक्कल मी त्यांच्याकडे पोचवली आहे. वाट मोकळी होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. दोन बैठकी होतील, कदाचित चार होतील. पण ती सातवीतली मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल, आणि तिच्यासाठी तारीख पुढे ढकलता येणार नाही. तुमच्याही गावात अशी एखादी मुलगी असेल. तिच्या घरापासून शाळेपर्यंत नकाशावर कोणती तुटक रेषा जाते, एवढे या आठवड्यात पाहून ठेवा.